पेटंटची नोटीस आली म्हणून लगेच सही करू नका: गोव्यातल्या उद्योजक संघटनांना खुले पत्र

फोंडा, गोवा

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
गोव्यातील औद्योगिक वसाहतींच्या सर्व उद्योजक संघटना

विषय: पेटंटभंगाच्या दाव्यांत ओढल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स युनिटांचा बचाव

सप्रेम नमस्कार,

गेल्या काही वर्षांत आपण पेटंट या विषयावर बऱ्याच कार्यशाळा घेतल्या. काहींना मी श्रोता म्हणून बसलो, एकदोन ठिकाणी बोललोही. विषय सगळीकडे एकच: पेटंट मिळवायचं कसं. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात कसा करायचा, लघुउद्योगाला शुल्कात 80 टक्के सवलत कशी मिळते, झालेला खर्च कुठल्या योजनेतून परत मागायचा. मग प्रमाणपत्रं, फोटो, चहा. हे सगळं हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्याचं पेटंट आपल्या अंगावर चालून आलं तर काय करायचं, यावर तासभराचं सत्रसुद्धा मी कुठं ऐकलं नाही. आपल्या वसाहतींतल्या निम्म्या लोकांना पेटंटची पहिली ओळख होते ती नोटिशीतूनच.

मी वकील आहे. त्याआधी फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, म्हणून अशी प्रकरणं फिरून फिरून माझ्या टेबलावर येतात. वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, तेव्हा खाली नाव नाही आणि फोन नंबरही नाही. ही कामं एकट्यादुकट्या वकिलाच्या आवाक्यातली राहिलेली नाहीत, हे सांगण्यासाठीच लिहितो आहे.

आपला गोंयकार कोर्टाला घाबरतो असं कुणी म्हणू नये. कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी तीस वर्षं भांडतो, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरच्या एका नावासाठी मामलेदारापासून पर्वरीच्या उच्च न्यायालयापर्यंत जातो. सर्व्हे प्लान उलगडून 'दाखव तुझी हद्द' म्हणतो. तोच माणूस दिल्लीच्या लॉ फर्मच्या लेटरहेडवर पेटंट नंबर दिसला की आठवड्याच्या आत सहीला तयार होतो. खरं तर पेटंटचा क्लेम म्हणजे हद्दच. कागदाच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेली ती वाक्यं असतात, आणि पेटंटधारकाचा हक्क तेवढ्याच चौकटीत. आधीची वीस पानं वर्णन, आकृत्या, मोठमोठे दावे. त्यांचा उपयोग क्लेमचा अर्थ लावण्यापुरता. पण नोटीस पाठवणारा वर्णनातला सर्वात भारदस्त परिच्छेद उचलतो, क्लेम मात्र शेवटच्या जोडपत्रात बारीक अक्षरात ठेवतो. वाचणारा घाबरतो, आणि तोच हेतू असतो.

नोटीस हातात आली की वकिलाकडे पोहोचायच्या आधीही काही गोष्टी ऑफिसातल्या संगणकावर पाहता येतात. पेटंट भारतातलं आहे का? अमेरिकेतल्या पेटंटचे नंबर टाकून गोव्यात धाक दाखवणारी पत्रं मी वाचली आहेत. पेटंटचा अंमल देशापुरता असतो. तुम्ही माल अमेरिकेला पाठवत असाल तर गोष्ट वेगळी, पण फोंड्यात बनवून कोल्हापुरात विकत असाल तर तिकडच्या नंबराशी तुमचं देणंघेणं नाही. भारतातलं असेल तर जिवंत आहे का? मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, तीही दरवर्षीचं नूतनीकरण शुल्क भरत राहिलं तर. शुल्क थकलं की पेटंट निजतं. हे सगळं पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट दिसतं. आणि एक कलम बहुतेकांच्या कानावरून गेलेलं नसतं: 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 13(4). पेटंट दिलं याचा अर्थ ते वैध असल्याची हमी सरकार देतं असा होत नाही, हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. कलम 64 मध्ये पेटंट रद्द होण्याची जेवढी कारणं आहेत, ती सगळी कलम 107 नुसार प्रतिवादीला बचाव म्हणून वापरता येतात. म्हणजे ज्या तलवारीनं तो भीती घालतो तिची धार तपासून घ्यायचा अधिकार तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे.

एक प्रकरण जवळून दाखवतो, नाव-गाव वगळून. पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर बनवणारं छोटं युनिट. वरची टाकी रिकामी झाली की पंप चालू, भरली की बंद, आणि खाली पाणी नसेल तर पंप कोरडा फिरू नये म्हणून कट-ऑफ. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या प्रत्येक सोसायटीला लागणारी वस्तू. नोटिशीतली मागणी अशी: सात दिवसांत विक्री बंद, आजवरच्या विक्रीचा हिशेब, लेखी माफी, आणि यापुढं विकायचं तर नगामागं रॉयल्टी. मालकानं उत्तर टाइप करून ठेवलं होतं: सर्व मान्य आहे, रकमेत थोडी सवलत व्हावी. पत्र गेलं नव्हतं ते केवळ कंपनीचा शिक्का भावाच्या ऑफिसात राहिला होता म्हणून.

आम्ही टेबलावर पहिला क्लेम ठेवला, झाकण काढलेला कंट्रोलर ठेवला आणि मधोमध उभी रेघ मारलेला एक कागद घेतला. डावीकडे क्लेमचे तुकडे, उजवीकडे बोर्डावर ते कुठं सापडतात ते. पातळी ओळखणारे प्रोब: आहेत. पंपाचा करंट मोजणारा भाग: आहे, शंट रेझिस्टर आणि त्याला लागून ऑप-अँप. पंप तोडणारा रिले: आहे. वरच्या टाकीवरून खाली बिनतारी संदेश पाठवणारा ट्रान्समीटर: नाही. इथं साधी तीन पदरी केबल, भिंतीला क्लिपा मारून खाली आणलेली. टाकी भरायला लागणारा वेळ आपणहून शिकून मेमरीत ठेवणारी सोय: हीही नाही. फर्मवेअर लिहिणाऱ्या मुलाला बोलावून कोड उघडायला लावला, तर त्यात वेळेचा आकडा हातानं घातलेला होता, सगळ्या ग्राहकांना एकच. पाचातले दोन घटक बोर्डावर नव्हतेच. पेटंटभंग ठरायला क्लेममधला प्रत्येक घटक मालात असावा लागतो.

'केबल म्हणजे बिनतारीलाच पर्याय, काम तेच' असा युक्तिवाद समोरून येऊ शकतो, आणि कोर्टं तो ऐकूनही घेतात. म्हणून अर्जाची जुनी फाइल काढली. तीही वेबसाइटवरच असते. परीक्षकानं पहिल्या अहवालात म्हटलं होतं की असले कंट्रोलर आधीपासून बाजारात आहेत. त्यावर अर्जदारानं क्लेममध्ये 'बिनतारी' घातलं आणि उत्तरात लिहून दिलं की आमचं वेगळेपण यातच आहे. पेटंट मिळवताना ज्या अटीवर मिळवलं, ती अट दावा लावताना विसरता येत नाही. चार पानांचं उत्तर आणि सोबत तो तक्ता पाठवला. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. मालकाला वाटलं वकिलानं जादू केली. जादू कसली, एक दुपार आणि स्क्रूड्रायव्हर. पण ती दुपार घालवायला इलेक्ट्रॉनिक्स कळणारा माणूस लागतो आणि क्लेम वाचता येणारा माणूस लागतो, आणि गोव्यात हे दोघं एका टेबलावर सहसा येत नाहीत.

आता दावा खरोखरच पडला तर. तो कुठं पडेल? ट्रेडमार्कसारखी स्वतःच्या गावात दावा घालण्याची मुभा पेटंटच्या वादीला नाही. प्रतिवादी जिथं धंदा करतो किंवा भंग जिथं झाला म्हणतात, तिथंच जावं लागतं. पण तुमचा माल ऑनलाइन विकला जातो ना? मग दिल्लीतल्या पत्त्यावर एक नग मागवून बिल जोडलं की दिल्लीत दावा घालायला निदान युक्तिवाद तरी तयार होतो. 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झालं, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं या विषयासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि 2022 मध्ये पेटंटच्या दाव्यांसाठी वेगळे नियम केले. रोज पेटंट ऐकणारे न्यायाधीश मिळणं प्रतिवादीच्याही सोयीचं असतं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. अडचण आहे ती पल्ल्याची आणि पैशाची.

धोका असतो पहिल्या तारखेला. तुम्ही हजर नसताना एकतर्फी मनाई हुकूम होऊ शकतो, आणि कोर्टानं नेमलेला लोकल कमिशनर थेट युनिटवर येऊ शकतो. मालाची यादी होते, खोके सील होतात, सुपूर्दनाम्यावर मालकाची सही घेतात, हिशेबाच्या वह्यांच्या नकला निघतात. हे चवथीच्या आधीच्या आठवड्यात झालं, जेव्हा वर्षातला सगळ्यात जास्त माल बाहेर पडतो, तर त्या युनिटानं दिवाळीपर्यंत डोकं वर काढणं कठीण. यावर साधा, स्वस्त उपाय कॅव्हेट. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148-अ. नोटीस आली म्हणजे दावा कोण घालणार हे कळलंच. त्याच्या नावानं दिल्लीत आणि इथं कॅव्हेट टाकून ठेवायचं, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. मुदत 90 दिवस, मग पुन्हा टाकायचं. जमिनीच्या प्रकरणात आपल्याकडे कारकूनही हा सल्ला देतो. पेटंटच्या नोटिशीनंतर मात्र कॅव्हेट टाकलेलं युनिट क्वचित दिसतं.

दुसरा सापळा मुदतीचा. पेटंटच्या दाव्यासारख्या व्यावसायिक दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, आणि कोर्टानं मुदत वाढवली तरी समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांच्या पुढं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये हे पक्कं केलं आहे; त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. आपल्याकडच्या साध्या दिवाणी दाव्यांच्या सवयीनं 'पुढच्या तारखेला बघू' म्हणणारा इथं बुडतो. शिवाय कागदपत्रं कैफियतीसोबतच द्यावी लागतात. म्हणजे चार महिन्यांत जगभरातलं, त्या पेटंटच्या आधीचं तंत्रज्ञान शोधायचं, तज्ज्ञ गाठायचा, तक्ता करायचा, आणि पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा घालायचा असेल तर तोही मांडायचा. वादीनं याची तयारी वर्षभर केलेली असते. तुम्ही पहिला महिना 'कुठला वकील बरा' यातच घालवता.

'लढा' याचा अर्थ पत्राला उत्तर न देता गप्प बसा, असंही माझं म्हणणं नाही. ज्यांचा माल ब्लूटूथ, वायफाय, मोबाइल नेटवर्क, कोडेक अशा मानकांवर चालतो, त्यांनी तर मुळीच गप्प बसू नये. अशा मानकांत गुंतलेल्या पेटंटांना एसईपी म्हणतात आणि त्यांचा कायदा आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत घडला. मार्च 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं लावा या भारतीय मोबाइल कंपनीला एरिक्सनला 244 कोटींहून अधिक नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. आठ पेटंटांपैकी एक कोर्टानं अवैध ठरवलं, पण उरलेल्या सातांवर लावा हरली. वाटाघाटींत कोण कसं वागलं, लायसन्स घ्यायची खरी तयारी होती की नुसता वेळकाढूपणा, हे अशा निकालांत बारकाईनं तपासलं जातं. जुलै 2023 मध्ये नोकिया विरुद्ध ओप्पो प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं दावा निकालात निघायच्या आधीच ओप्पोला रक्कम जमा करायला लावली. तेव्हा पत्राला उत्तर द्यावं, मुदतीत द्यावं, 'आम्ही बोलायला तयार आहोत, तुमचे क्लेम-तक्ते आणि इतरांना दिलेले दर दाखवा' असं लिहून द्यावं. काहीही कबूल न करता हे लिहिता येतं.

छोट्या युनिटांनी अभ्यासावा असा निकाल मात्र डीव्हीडी प्लेयरचा, जुलै 2018 चा. फिलिप्सनं 2009 मध्ये दावे घातले होते ते बाजारातून सुटे भाग आणून प्लेयर जोडणाऱ्या लहान उत्पादकांवर. आपल्या वसाहतींत जे चालतं तेच. त्यांचा एक बचाव असा की आम्ही भाग घेतले ते फिलिप्सच्या लायसन्सधारकांकडूनच, मग दुसऱ्यांदा पैसे कशाला? बचाव कायद्यात बसणारा होता. पण तो सिद्ध करता आला नाही, आणि नगामागं आधी 3.175 डॉलर, मग 1.90 डॉलर असा दर लागला. निकाल लागला तोवर पेटंटची मुदत 2015 मध्येच संपून गेली होती आणि डीव्हीडी प्लेयर घेणारं गिऱ्हाईकही उरलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्येच बजाज आणि टीव्हीएसच्या प्रकरणात म्हटलं होतं की असे दावे साधारण चार महिन्यांत निकाली निघावेत. असो.

याच मुद्द्याची दुसरी बाजू डिसेंबर 2014 मध्ये दिसली. एरिक्सननं शाओमीविरुद्ध एकतर्फी मनाई मिळवली, सगळी विक्री ठप्प. आठवडाभरात खंडपीठानं क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना नगामागं 100 रुपये जमा करण्याच्या अटीवर विक्रीची मोकळीक दिली, कारण त्या चिपला लायसन्स असल्याचं म्हणणं होतं. दुसऱ्या कंपनीची चिप असलेले फोन अडकूनच राहिले. फोन तोच, कंपनी तीच. फरक बोर्डावरच्या एका काळ्या चौकोनाचा आणि त्याच्या मागच्या कागदाचा. म्हणून माझी पहिली विनंती आपल्या सदस्यांच्या परचेस विभागाला आहे. चिप, मॉड्यूल, पॉवर सप्लाय घेताना बिलावर उत्पादकाचं नाव आणि पार्ट नंबर नीट लिहून घ्या. पुरवठादाराकडून दोन ओळी घ्या की या भागामुळं पेटंटचा दावा आला तर बचावाचा खर्च तो उचलेल. मोठ्या चिप कंपन्यांचे अधिकृत वितरक अशा अटींवर बोलायला तयार असतात. ग्रे मार्केटमधून चार रुपये वाचवून आणलेल्या रीळीबरोबर यातलं काहीच येत नाही.

लहान माणूस जिंकूच शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आपल्याच देशातला एक जुना निकाल. भांडी घासूनपुसून लेथवर घोटताना ती धरून ठेवायची एक युक्ती, तिच्यावर 1950 च्या दशकात पेटंट घेतलेलं. दुसऱ्या भांडी बनवणाऱ्या पेढीवर दावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये न्यायालयानं सांगितलं की आधीपासून वापरात असलेल्या साधनात कारागिराला सहज सुचेल अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे. पेटंट रद्द. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. आजही देशातल्या जवळपास प्रत्येक पेटंट खटल्यात या निकालाचा हवाला दिला जातो, आणि हा निकाल लागला तो एका भांडीवाल्या पेढीनं हार न मानल्यामुळं. अमेरिकेतली नेवेग ही इलेक्ट्रॉनिक माल ऑनलाइन विकणारी कंपनी तशीच. वेबसाइटवरच्या 'शॉपिंग कार्ट'वर पेटंट असल्याचं सांगून एका कंपनीनं पैसे गोळा करायला सुरुवात केली. ॲमेझॉननं 2005 मध्ये 4 कोटी डॉलर देऊन मिटवलं. नेवेगनं मिटवलं नाही. टेक्सासमध्ये ज्युरीपुढं हरली, अपील केलं, आणि जानेवारी 2013 मध्ये ते क्लेमच अवैध ठरले.

मला मान्य आहे की प्रत्येक नोटीस खोटी नसते. दुसऱ्याचा बोर्ड उघडून, फोटो काढून, चीनमध्ये गर्बर फाइल (बोर्डाचा आराखडा) पाठवून हुबेहूब माल काढणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांची बाजू घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही. आपल्याच वसाहतीतल्या कुणाचं पेटंट असेल आणि बाहेरचा कुणी ते लुबाडत असेल, तर त्याच्या बाजूनं उभं राहायलाही हीच माणसं आणि हीच तयारी लागते. तक्ता दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

आता काय हवं ते सांगतो. आधीच्या तंत्रज्ञानाचा पुरावा शोधायला लोक लाखो रुपये मोजून बाहेरच्या कंपन्या लावतात. फर्मागुढीचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1967 पासून आहे. तिथल्या मुलांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रोजेक्टांचे बांधीव अहवाल असतात: टाकीचे कंट्रोलर, इन्व्हर्टर, एलईडी ड्रायव्हर, बोटींसाठी ट्रॅकर, काजू वाळवायच्या यंत्राचे टेंपरेचर कंट्रोल. पेटंटच्या अग्रक्रम-तारखेच्या (पहिला अर्ज केल्याच्या तारखेच्या) आधी एखादी गोष्ट प्रसिद्ध झाली होती किंवा भारतात उघडपणे वापरात होती, हे पेटंट रद्द होण्याचं कारण ठरतं. ग्रंथालयात नोंद होऊन वाचकांना खुला असलेला अहवाल अशा वेळी सोन्याच्या मोलाचा असतो. फक्त तो कधी खुला झाला हे नोंदवहीनं सांगितलं पाहिजे. या अहवालांची तारखेसह यादी करून ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवा, असा आग्रह आपल्या संघटनांनी धरावा. बिट्स पिलानीच्या झुआरीनगर परिसरात आणि एनआयटीतही तसंच. तुमच्या स्वतःच्या माळ्यावर पडलेले जुने कॅटलॉग, पहिल्या बॅचचे बोर्ड, ग्राहकांची जुनी बिलं, चिप कंपन्यांच्या तारीख छापलेल्या ॲप्लिकेशन नोट्स रद्दीवाल्याला देऊ नका. 2008 साली तुम्ही जे विकत होता त्यावर 2015 साली दुसऱ्यानं पेटंट घेतलं असेल, तर ते माळ्यावरचं खोकं दाव्याचा निकाल फिरवू शकतं.

दुसरं, माणसं. गोव्यात दावा पडला तर तो मेरशीच्या किंवा मडगावच्या जिल्हा न्यायालयाच्या पातळीवर सुरू होईल, आणि प्रतिवादीनं पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा घातला की कलम 104 नुसार सगळं प्रकरण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे पर्वरीला जाईल. तंत्र समजून घ्यायला कोर्ट कलम 115 नुसार स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमू शकतं. ते सल्लागार आपल्या प्राध्यापकांमधून का निघू नयेत? मिरामार आणि मडगावच्या विधी महाविद्यालयांतल्या मुलांना आणि फर्मागुढीच्या मुलांना वर्षातून एकदा एकाच टेबलावर बसवून खऱ्या क्लेमचे तक्ते करायला लावा. पैसा लागणार तो चहा-वड्याचाच. आपण तो आताही खर्च करतो.

तिसरं, पैसा. नोटीस पाठवणाऱ्याचा हिशेब साधा असतो: लढण्याच्या खर्चापेक्षा थोडी कमी रक्कम मागायची. मग शहाणा माणूसही मिटवतो, आणि एकानं मिटवलं की त्याचं नाव पुढच्या नोटिशीत झळकतं, 'आपल्याच क्षेत्रातील अमुक यांनी लायसन्स घेतले आहे'. एकच पेटंटधारक चार युनिटांना वेगवेगळं गाठत असेल तर चौघांना एकमेकांची खबर नसते, कारण प्रत्येकाला वाटतं आपलीच अब्रू जाईल. संघटनेकडे गुप्तता राखून नोटिसा जमा करायची व्यवस्था झाली तर चौघांचा वकील एक, शोध एक, तज्ज्ञ एक. पेटंट मंजूर झाल्याचं प्रसिद्ध होऊन वर्ष झालं नसेल तर कलम 25(2) नुसार विरोध अर्ज करता येतो, तोही चौघांत मिळून. सदस्यत्वाच्या वर्गणीतून लहानसा बचाव निधी वेगळा काढला तरी पहिल्या 120 दिवसांची सोय होईल. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. तुयेतला इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर भरला की नोटिसा वाढतील, कमी होणार नाहीत.

आणि कृपा करून लायसन्सचा मसुदा कुणाला तरी दाखवल्याशिवाय सही करू नका. एका पेटंटच्या नावाखाली नको असलेल्या इतर पेटंटांचं गाठोडं गळ्यात मारणं, 'या पेटंटच्या वैधतेला आम्ही कधी आव्हान देणार नाही' असं लिहून घेणं, यांना कलम 140 मनाई करतं. असली कलमं मसुद्यात सर्रास असतात. बिनबुडाच्या धमक्या येत राहिल्या तर कलम 106 खाली तुम्ही स्वतः कोर्टात जाऊ शकता, आणि मग भंग होतो हे सिद्ध करायची पाळी धमकी देणाऱ्यावर येते. मात्र 'आमचं असं पेटंट आहे' एवढंच कळवणारं पत्र म्हणजे धमकी नव्हे, त्यावर उगाच उसळू नये.

आपल्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, एवढीच विनंती. येताना ज्यांना ज्यांना अशी नोटीस आली आहे, त्यांनी ती पाकिटासकट आणावी, कारण पाकिटावरची तारीख लागते. ज्यांनी मिटवून टाकलं आहे त्यांनी करारही आणावा. नावं झाकून आणला तरी चालेल.

कळावे,

आपला नम्र,
फोंड्यातला एक वकील